गर्श्विनचा सिनेमा आणि गर्श्विनच्या गाण्यांचा सिनेमा

‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ आणि ‘ॲन अमेरिकन इन पॅरिस’ या दोन सिनेमांची लोक हमखास गल्लत करतात. या घोळाचं मूळ आहे ऑस्कर लेव्हंट. हा तिरकस बोलणारा पियानोवादक ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ (१९४५) मध्ये आहे आणि ‘ॲन अमेरिकन इन पॅरिस’ (१९५१) मध्येही. दोन्ही सिनेमांची नावं अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विनच्या वाद्यरचनांवरून घेतलेली, दोन्हींत सूर त्याचेच, पॅरिसही दोन्हींत येतं. काही वर्षांनी आठवायला बसलं की कुठला प्रसंग कुठल्या सिनेमातला, याची खिचडी होते. “तो जीन केलीवाला, गर्श्विनच्या आयुष्यावरचा” असं जाणकारांच्या तोंडूनही मी ऐकलंय. जीन केली आहे ‘ॲन अमेरिकन इन पॅरिस’मध्ये, आणि तिथे तो जेरी मलिगन नावाचा कफल्लक चित्रकार आहे. गर्श्विन नावाचं पात्र त्या सिनेमात नाहीच.

चरित्रपट आहे तो पहिला. वॉर्नर ब्रदर्सचा, आयर्व्हिंग रॅपरने दिग्दर्शित केलेला. गर्श्विनचं काम रॉबर्ट अल्डाने केलंय (ॲलन अल्डाचे वडील). गर्श्विन ११ जुलै १९३७ रोजी मेंदूतल्या गाठीने गेला, वय अवघं ३८. त्यामुळे सिनेमा आला तेव्हा त्याला ओळखणारी माणसं हयात होती आणि त्यातली काही सरळ पडद्यावरच आली. पॉल व्हाइटमन स्वतःच व्हाइटमन झाला. १२ फेब्रुवारी १९२४ ला न्यूयॉर्कच्या इओलियन हॉलमध्ये ‘ऱ्हॅप्सडी’ पहिल्यांदा वाजली तेव्हा वाद्यवृंद त्याचाच होता. गर्श्विनचं ‘स्वानी’ अल जोल्सनने गायलं, १९१९-२० मध्ये ते गाणं त्यानेच गाजवलं होतं. ‘समरटाइम’ गाते ॲन ब्राउन, गर्श्विनच्या १९३५ च्या ‘पोर्गी अँड बेस’ या ऑपेरात बेस या नायिकेचं काम पहिल्यांदा करणारी. आता तुम्हीच सांगा, एवढी खरी माणसं समोर दिसल्यावर बाकीचंही खरं वाटणार नाही तर काय?

पण जॉर्जवर जीव टाकणारी ज्युली ॲडम्स आणि पॅरिसमध्ये भेटणारी क्रिस्टीन गिल्बर्ट, या दोघीही पटकथाकारांच्या. गंभीर संगीताकडे ओढणारे म्हातारे प्रोफेसर फ्रँक कल्पनेतले. गर्श्विनला खरं शिकवलं ते चार्ल्स हॅम्बिट्झर यांनी, आणि ते १९१८ मध्येच वारले. खऱ्या आयुष्यात गर्श्विनच्या अनेक वर्षं जवळ असलेली बाई म्हणजे के स्विफ्ट, स्वतः उत्तम संगीतकार. या नात्याच्या सुरुवातीला ती विवाहित होती. हॉलिवूडच्या तेव्हाच्या नीतिसंहितेत हे बसवणं अवघडच. मग दोन कोऱ्या नायिका घडवल्या आणि काम भागवलं. मला या तडजोडीचा राग येत नाही, फक्त पाहताना कंटाळा येतो.

त्या काळच्या संगीतकारांच्या चरित्रपटांची ठरलेली चाल होती: नायक पियानोशी बसतो, दोन सूर सापडतात, पुढच्या दृश्यात भरगच्च थिएटर आणि टाळ्या. ‘नाइट अँड डे’ (१९४६) मध्ये कॅरी ग्रँट कोल पोर्टर झाला तेव्हाही हेच. पोर्टर तर तेव्हा हयात होता, तरी त्याचं समलिंगी असणं सिनेमात औषधालाही नाही.

‘ॲन अमेरिकन इन पॅरिस’चा मामला वेगळा. एमजीएम स्टुडिओचे निर्माते आर्थर फ्रीड यांना फक्त शीर्षक हवं होतं. जॉर्जचा थोरला भाऊ आणि गीतकार आयरा याने अट घातली: नाव घ्या, पण सिनेमात संगीत सगळं गर्श्विनचंच हवं. मग आधीची गाणी पुढ्यात ठेवून ॲलन जे लर्नर यांनी नवी गोष्ट रचली. ‘आय गॉट रिदम’ मुळात १९३० च्या ‘गर्ल क्रेझी’ या रंगमंचावरच्या संगीतिकेतलं, एथेल मर्मनने गाजवलेलं. इथे केली ते पॅरिसच्या गल्लीतल्या पोरांना इंग्रजी शिकवताना गातो. पोरांनी आपापल्या उच्चारात “आय गॉट” ओरडायचं आणि पुढची ओळ त्याने पुरी करायची. हे गाणं कधी, कुठे, कुणी रचलं याच्याशी त्या दृश्याला काही देणंघेणं नाही, आणि म्हणूनच ते गाणं तिथे ताजं वाटतं. शेवटचं सतरा मिनिटांचं बॅले तर सगळं १९२८ च्या त्या वाद्यरचनेवर, पार्श्वभूमीला द्युफी, रन्वार, व्हॅन गॉग, तुलूज-लोत्रेक या चित्रकारांच्या शैलीतले पडदे. ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ला मागे टाकून सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर याने नेलं. ते जरा जास्तच झालं असं माझं मत, पण बॅलेपुरतं माफ.

चरित्रपट ओळखायची सोपी खूण: गाणी रचणारा माणूस त्याच्या नावानिशी पडद्यावर आहे का? ‘अलेक्झांडर्स रॅगटाइम बँड’ (१९३८) आयर्व्हिंग बर्लिनचं चरित्र समजणारे पुष्कळ भेटतात. गाणी बर्लिनची, पण नायक काल्पनिक बँडवाला. ‘सिंगिंग इन द रेन’चंही तेच, गाणी बहुतेक त्याच आर्थर फ्रीड आणि नेसिओ हर्ब ब्राउन यांची, गोष्ट भलतीच.

‘ऱ्हॅप्सडी’ आणि ‘पॅरिस’ या सिनेमांतला फरक एकाच रचनेत बघायचा असेल तर गर्श्विनची पियानो आणि वाद्यवृंदासाठीची ‘कॉन्चेर्टो इन एफ’ घ्या. १९२५ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये गर्श्विनने स्वतः पियानोवर बसून ती पहिल्यांदा सादर केली. चरित्रपटात लेव्हंट लेव्हंट म्हणूनच मैफलीत ती वाजवतो, आणि त्याच सुमाराला जॉर्ज गेल्याची बातमी येते. लेव्हंट त्याचा खराखुरा मित्र होता, तरी दृश्य सजवलेलं वाटतं. सहा वर्षांनंतर ‘पॅरिस’मध्ये तो ॲडम कुक आहे, एकही मैफल पदरी नसलेला पियानोवाला. खाटेवर पडल्या पडल्या तो स्वप्न बघतो: हीच रचना, पियानोवर तो, काठी हातात घेऊन वाद्यवृंद चालवणारा तो, वाद्यवृंदातही तोच, आणि प्रेक्षागृहात उभं राहून ओरडत दाद देणाराही तोच. मित्राच्या सुरांवर स्वतःचीच टर. आयुष्यभर गर्श्विनच्या सावलीत वाजवत राहिलेल्या माणसाबद्दल हे दृश्य जितकं सांगतं, तितकं चरित्रपटातलं अख्खं शेवटचं रीळ सांगत नाही.

त्याच सिनेमात सीन नदीच्या काठावर केली नायिका लेस्ली कॅरनला ‘लव्ह इज हिअर टू स्टे’ ऐकवतो. गर्श्विनने रचलेलं ते शेवटचं गाणं. शब्द आयराने भाऊ गेल्यावर लिहिले. कागदावर मात्र सुरावटीचे थोडेच बार (तालाचे टप्पे) उतरले होते. बाकीचे स्वरमेळ जुळवले गेले ते एकाच्या आठवणीवरून. जॉर्ज मेजवान्यांमध्ये हे गाणं वाजवायचा तेव्हा त्याने ते ऐकलेलं होतं. तो एक जण म्हणजे लेव्हंट.