वर्गीकृत वारंवारता वितरण सारणी

गोळा केलेल्या कच्च्या संख्यात्मक सामग्रीचे लागोपाठच्या वर्गांत विभाजन करून प्रत्येक वर्गात किती निरीक्षणे पडतात, हे दाखवणारी सारणी. निरीक्षणे एकेक करून ताळ्याच्या खुणांनी नोंदवतात; चार उभ्या रेघांवर पाचवी आडवी मारली की पाचाचा गठ्ठा होतो. खुणांची बेरीज ही त्या वर्गाची वारंवारता.

या मांडणीचा उगम बहुधा लोकसंख्येच्या अभ्यासात असावा. लंडनच्या जॉन ग्राँट याने १६६२ मध्ये शंभर जन्मांमागे पहिल्या सहा वर्षांत ३६ व पुढील दहा वर्षांत २४ मृत्यू, अशी वयोगटवार मांडणी दिली. मात्र तेथील मृत्युपत्रकांत, म्हणजे मृत्यूंच्या नोंदपत्रकांत, त्या काळी मृताचे वय लिहीत नसत. त्यामुळे हे आकडे मोजलेले नव्हेत, अंदाजलेले आहेत. प्रत्यक्ष मोजणीवर उभे असलेले उदाहरण म्हणून बेल्जियमचा संख्याशास्त्रज्ञ केटले याने १८४६ मध्ये अभ्यासलेले स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या घेराचे इंचागणिक कोष्टक अधिक ग्राह्य वाटते.

वर्ग किती असावेत याबद्दल एकमत नाही. हर्बर्ट स्टर्जेस याच्या १९२६ च्या सूत्रानुसार निरीक्षणसंख्येच्या १० पायाच्या लॉगॅरिदमला ३.३२२ ने गुणून त्यात १ मिळवतात. १०० निरीक्षणांना ७.६, म्हणजे आठ वर्ग येतात. सूत्राचा पाया द्विपद सहगुणकांत, म्हणजे (अ + ब) चा घात विस्तारल्यावर येणाऱ्या गुणकांत, आहे : १, ४, ६, ४, १ या पाच वारंवारतांची बेरीज १६, म्हणून १६ निरीक्षणांना पाच वर्ग. साहजिकच सममित सामग्रीला ते शोभते. उत्पन्नासारख्या एका बाजूला लांबलेल्या सामग्रीला ते लावू नये.

वरची सीमा त्या वर्गात न धरणाऱ्या असमावेशक पद्धतीत १०–२०, २०–३० असे वर्ग असल्यास २० हा गुण दुसऱ्या वर्गात जातो. दोन्ही सीमा वर्गातच धरणाऱ्या समावेशक पद्धतीतील १०–१९, २०–२९ हे वर्ग सलग करताना ९.५–१९.५, १९.५–२९.५ असे करतात. पूर्ण झालेल्या वर्षांत सांगितलेल्या वयाला मात्र हा अर्ध्याचा नियम लावणे चूक आहे. ४०–४४ या वयोगटात ४० पूर्ण झालेल्यापासून पंचेचाळिसावा वाढदिवस न आलेल्यापर्यंत सर्वजण येतात, म्हणून वर्गमध्य ४२.५. तो ४२ धरला की सरासरी वय अर्ध्या वर्षाने घटते.

भारतीय जनगणनेच्या वयनोंदींत आणखी एक अडचण आहे. ‘असेल चाळीस’ अशा ठोकळ उत्तरांमुळे ० व ५ ने संपणाऱ्या वयांवर गर्दी होते, आणि पाच वर्षांचे रूढ गट नेमके तेथूनच सुरू होतात. अडतिसाव्या-एकोणचाळिसाव्या वर्षातली माणसेही मग ४०–४४ मध्ये जाऊन बसतात. ३८–४२ असा गट घेतल्यास चाळिशीचा ढीग मध्यावर येतो व हा दोष बराच कमी होतो.