अँप्लिफायर–स्पीकर जुळणी

घरगुती हाय-फाय संचात अँप्लिफायरचा दाब (व्होल्टेज), प्रवाह (करंट) आणि अंतर्गत रोध (रेझिस्टन्स) हे स्पीकरच्या गरजेला पुरतील अशा रीतीने दोहोंची निवड व जोडणी करणे. संच टप्प्याटप्प्याने सुधारताना, विशेषतः स्पीकर नवे घेऊन अँप्लिफायर जुनाच ठेवताना, हा प्रश्न उद्भवतो. दोन्हींवर छापलेले ओहम व वॉट सारखे असले की काम झाले, हा समज दुकानांतून सर्रास आढळतो. तो अपुरा आहे.

समान संरोधाच्या कल्पनेचे मूळ : स्रोत व भार यांचा संरोध (बाजारभाषेत इंपिडन्स) सारखा असावा, या कल्पनेचे मूळ तीन ठिकाणी दाखवता येते. एक म्हणजे मोरिट्झ फोन याकोबी याच्या नावाने ओळखला जाणारा, साधारणपणे १८४० च्या सुमाराचा महत्तम शक्ती संक्रमणाचा नियम. दुसरे, टेलिफोनच्या ६०० ओहम वाहिन्यांची पद्धत. तिसरे, व्हॉल्व्ह (निर्वात नळी) अँप्लिफायरच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरवरील ४, ८ व १६ ओहमची टोके. घरगुती संचापुरते तिसरे मूळ अधिक संभवनीय वाटते. ईएल८४ व्हॉल्व्हच्या पुश-पुल (आळीपाळीने काम करणाऱ्या) जोडीला सुमारे ८,००० ओहम भार लागतो. ८ ओहमच्या स्पीकरमधून तो दिसावा म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांचे गुणोत्तर सुमारे ३२:१ ठेवतात. चुकीच्या टोकाला स्पीकर लावला की शक्ती घटते व विकृती वाढते, म्हणून तेथे ओहम जुळवणे खरोखर आवश्यक होते. याकोबीच्या नियमाप्रमाणे जुळणी केली, तर निम्मी शक्ती स्रोतातच उष्णता होऊन जाते. चांगला ट्रान्झिस्टर अँप्लिफायर त्या रीतीने चालतच नाही. त्याचा अंतर्गत रोध बहुधा ०.१ ओहमपेक्षा कमी असतो. तो दाब ठरवतो आणि प्रवाह किती घ्यायचा ते स्पीकर ठरवतो.

शक्तीची भूक वाढली ती स्पीकरमुळे. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये फिरत्या कॉइलचा भोंगाविरहित स्पीकर मांडला. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीचा एआर-१ आला. त्याच्या हवाबंद लहान पेटीतून खोल खर्ज निघाला, पण संवेदनशीलतेची (दिलेल्या शक्तीत निघणाऱ्या आवाजाची) किंमत मोजून. नेव्हिल थिएल (१९६१) व पुढे रिचर्ड स्मॉल यांच्या स्पीकरपेटीच्या गणितात स्रोताचा रोध हेही एक पद आहे. स्पीकर रचणारे ते व्यवहारात शून्याजवळ धरतात. अंतर्गत रोध मोठा असलेल्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरवर तोच स्पीकर वेगळा वाजतो, त्याचे कारण हे.

संरोध व प्रवाह : पेटीमागे छापलेला ‘८ ओहम’ हा नाममात्र आकडा होय. आयईसी ६०२६८-५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार संरोध कोणत्याही कंप्रतेला (फ्रिक्वेन्सीला) नाममात्र मूल्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये. म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरचा तळ ६.४ आणि ४ ओहमचा ३.२ ओहम. ते सर्व निर्माते पाळतात असे नाही. म्हणून नाममात्र मूल्यापेक्षा ‘किमान संरोध’ हा आकडा शोधावा आणि तो कोणत्या कंप्रतेला येतो तेही पाहावे. ८० ते २०० हर्ट्झमधला खड्डा अधिक जाचक असतो, कारण संगीताची मोठी शक्ती तेथेच असते. क्वाड कंपनीच्या १९५७ च्या स्थिरविद्युत् स्पीकरचा संरोध वरच्या टोकाला २ ओहमच्याही खाली उतरतो. तरीही तो चालून जातो, कारण त्या टोकाला संगीतात शक्ती थोडी असते.

संरोधाइतकाच कलाकोनही (दाब व प्रवाह यांतील फेजचा फरक) महत्त्वाचा आहे, पण माहितीपत्रकात तो बहुधा नसतो. दाब व प्रवाह एकमेकांच्या पुढेमागे सरकले की आउटपुट ट्रान्झिस्टरवर जास्त दाब असतानाच प्रवाहही जास्त वाहतो. आदर्श ‘ब’ वर्गीय टप्प्यासाठी (ज्यात दोन ट्रान्झिस्टर तरंगाचा अर्धा-अर्धा भाग सांभाळतात), पूर्ण दाबावर, हिशेब असा येतो : शुद्ध रोधाच्या भारात क्षणिक उष्णताभार जेवढा असतो, त्याच्या सुमारे २.८ पट तो ४५ अंशांच्या कलाकोनात होतो. म्हणजे ४ ओहम व ४५ अंश हा भार ट्रान्झिस्टरला जवळजवळ १.४ ओहमच्या रोधासारखा जाणवतो. संगीताच्या झटक्यांत स्पीकर ८ ओहमच्या रोधाच्या कित्येक पट प्रवाह ओढू शकतो, हे मॅट्टी ओटाला व सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवले. पत्रकात ८ ओहमवर ६० वॉट व ४ ओहमवर १०० ते ११० वॉट दिले असतील, तर वीजपुरवठा बरा आहे असे समजावे. ४ ओहमचा आकडाच दिलेला नसेल, तर सावध राहावे.

संवेदनशीलता व वॉट : संवेदनशीलता २.८३ व्होल्ट दाबाला १ मीटरवर मोजतात. ८ ओहममध्ये हा दाब १ वॉट होतो, पण ४ ओहममध्ये २ वॉट. त्यामुळे ४ ओहमचा स्पीकर कागदावर ३ डेसिबल अधिक चांगला दिसतो. ८६ डेसिबलच्या स्पीकरला ५० वॉट दिले, तर १ मीटरवर १०३ डेसिबल मिळतात. ३ मीटरवर मोकळ्या जागेत साडेनऊ डेसिबल घटतात व दुसऱ्या स्पीकरमुळे सुमारे ३ वाढतात, म्हणजे जवळपास ९६ ते ९७ उरतात. बंद खोलीत भिंतींमुळे थोडे जास्त. स्पीकर ९२ डेसिबलचा घेतला, तर तेवढाच आवाज साडेबारा वॉटमध्ये येतो. ६० चा अँप्लिफायर काढून ८० चा घेणे म्हणजे सव्वा डेसिबलची वाढ, म्हणजे जवळजवळ काहीच नाही.

ट्विटर जळण्याचा वाद : कमी वॉटच्या अँप्लिफायरने ट्विटर (वरच्या सुरांचा लहान स्पीकर) जळतो, हे विधान बहुतेक खरे आहे, कारणाबद्दल मात्र दोन मते आहेत. जुने मत असे, की तरंगाचे माथे कापले गेल्याने वरचे हार्मॉनिक (मूळ कंप्रतेच्या पटीतले सूर) निर्माण होतात आणि ते ट्विटरला जाळतात. परंतु पूर्ण चौरस तरंगातही तिसरा हार्मॉनिक मूळ तरंगाच्या साडेनऊ डेसिबल खाली व पाचवा १४ डेसिबल खाली असतो. एवढ्याने हानीचा पूर्ण उलगडा होत नाही. दुसऱ्या मतानुसार आवाज वाढवत नेला की खर्जाचे माथे मर्यादेला थांबतात, पण लहान तरंगांचे वरचे सूर मधल्या वेळात वाढतच राहतात. कापणे सुरू झाल्यावर नॉब आणखी १० डेसिबल फिरवला, तर ट्विटरकडे जाणारी शक्ती दहापटीच्या दिशेने जाते. ‘१०० वॉट’ लिहिलेल्या पेटीतला ट्विटर सतत काही वॉटच सोसतो. हे मत मोजमापांशी अधिक जुळते. त्यातून निघणारा व्यवहार असा, की स्पीकरवर लिहिलेल्या वॉटच्या दीडपट अँप्लिफायरही चालतो, निम्माही चालतो. फाटलेला आवाज ऐकू येताच नॉब मागे घ्यावा. मोठा अँप्लिफायर घेऊन तो तसाच फाटेपर्यंत वाजवला, तर यावेळी वूफरची (खर्जाच्या मोठ्या स्पीकरची) कॉइल जाते.

डँपिंग व वायर : डँपिंग फॅक्टर म्हणजे भाराचा संरोध भागिले अँप्लिफायरचा अंतर्गत रोध. ८ ओहमच्या भारात ०.०८ ओहमला तो १०० येतो. पत्रकातले ५०० किंवा १,००० हे आकडे फारसे अर्थपूर्ण नाहीत, कारण मंडलात सुमारे ६ ओहमची कॉइल व तिच्यासोबत वायर असतेच. दीड चौरस मिमी तांब्याच्या ५ मीटर जोडवायरीचा जाण्यायेण्याचा रोध ०.११ ओहम होतो. वरच्या उदाहरणातला १०० चा आकडा तेथेच ४० च्या आसपास येतो, आणि तेवढा पुरतो. वायरीचा रोध किमान संरोधाच्या ५ टक्क्यांत ठेवावा. ३.२ ओहमसाठी दीडची वायर ७ मीटरपर्यंत, अडीचची साडेअकरा मीटरपर्यंत चालते. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर असेल, तर एक माप वरचे घ्यावे.
व्हॉल्व्हकडे हिशेब बदलतो. अंतर्गत रोध २ ओहम व स्पीकरचा संरोध ३.२ ते २० ओहम फिरणारा असेल, तर कंप्रता-प्रतिसादात सुमारे ३.४ डेसिबलचा चढउतार पडतो. काहींना तो ‘उबदारपणा’ म्हणून आवडतो.

जोडणी व तपासणी : जुना स्पीकर घेताना मल्टिमीटरने रोध मोजावा. ८ ओहमचा स्पीकर साडेपाच ते ७, ४ ओहमचा ३ ते ४ दाखवतो. त्याहून बराच कमी आल्यास कॉइल किंवा क्रॉसओव्हर (खर्ज व वरचे सूर वेगळे करणारे मंडल) तपासावा. वूफरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. धन टोक लाल खुंटीला असताना शंकू बाहेर यायला हवा. एका पेटीची जोडणी उलटी झाली तर खर्ज नाहीसा होतो व गायकाचा आवाज मधोमध उभा राहत नाही. ट्रान्झिस्टर अँप्लिफायर स्पीकरविना, आवाज शून्यावर ठेवून दहा मिनिटे चालू ठेवावा व खुंट्यांदरम्यान एकदिश (डीसी) दाब मोजावा. ५० मिलिव्होल्टच्या आत ठीक. १०० च्या वर असेल तर नवे स्पीकर लावण्यापूर्वी दुरुस्ती करावी. व्हॉल्व्ह अँप्लिफायर मात्र भाराविना चालवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे विलगन फुटते.

‘ए+बी’ बटण दाबले की बहुतेक अँप्लिफायरांत ८ ओहमच्या दोन जोड्या समांतर होऊन ४ ओहम होतात. ब्रिज जोडणीत (एकाच स्पीकरच्या दोन टोकांना दोन अँप्लिफायर उलट दिशेने चालवतात तेव्हा) प्रत्येक अर्ध्याला निम्मा संरोध दिसतो. ४ ओहमचा स्पीकर २ ओहमचा होतो, आणि खर्जाचा ठोका आला की संरक्षक रिले टक्कन सुटतो. टीपीए३११६ चिपसारख्या ‘ड’ वर्गीय (ट्रान्झिस्टर झपाट्याने चालूबंद करणाऱ्या) बोर्डांचे आउटपुट मुळातच ब्रिज असते. त्यांच्या दोन्ही काळ्या खुंट्या एकत्र जोडल्यास किंवा भूमीला लावल्यास बोर्ड जातो.

सुधारणेचा क्रम : स्कॉटलंडच्या लिन कंपनीने १९७० च्या दशकापासून ‘स्रोत (तबकडीवादकासारखे संगीत पुरवणारे यंत्र) आधी’ हे मत हिरिरीने मांडले. तबकडीच्या काळात त्याला आधार होता. डिजिटल स्रोतांतील फरक आता इतके लहान आहेत, की स्पीकर व त्यांची जागा आधी, मग त्यांना पुरेल असा अँप्लिफायर, हा क्रम अधिक सयुक्तिक ठरतो.

भारतातील बाब : येथील पेट्यांवरील ‘पीएमपीओ’ (क्षणिक कमाल शक्तीचा दावा) आकड्याला कोणतेही मानक नाही; तो सोडून आरएमएस (सतत देता येणारी शक्ती) व विकृतीची टक्केवारी पाहावी. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनचा यासंबंधीचा नियम १९७४ पासून असून २०२४ मध्ये तो सुधारला गेला. सभामंडपातले १०० व्होल्ट लाइनचे स्पीकर घरच्या अँप्लिफायरला थेट जोडल्यास आवाज अगदी क्षीण येतो; आतला ट्रान्सफॉर्मर वगळावा लागतो. अमेरिकेहून आणलेला १२० व्होल्टचा अँप्लिफायर स्टेप-डाउनवर चालतो, परंतु दोन्ही बाजूंना १०० वॉट देणाऱ्या यंत्रासाठी ट्रान्सफॉर्मर किमान ५०० व्हीएचा लागतो. लहान घेतल्यास मोठ्या ठोक्यांना पुरवठ्याचा दाब खाली येतो. केवळ ६० हर्ट्झसाठी बांधलेला आतला ट्रान्सफॉर्मर येथील ५० हर्ट्झवर अधिक तापतो, म्हणून मागच्या पट्टीवर ‘५०/६०’ लिहिले आहे का ते पाहावे.