लहान कॉलेजातून एनएफएल ड्राफ्ट: पात्रता, अर्ज आणि लागणारी कागदपत्रं

आधी एक गैरसमज दूर करू. कॉलेजात खेळायचे सगळे मोसम संपवलेल्या खेळाडूला एनएफएल ड्राफ्टसाठी (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधले संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, त्यासाठी) कुठलाही फॉर्म भरावा लागत नाही. तो आपसूक पात्र ठरतो, मग तो अलाबामासारख्या बलाढ्य विद्यापीठाचा असो की दोन हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजचा. घोडं अडतं ते पुढे. पात्र असणं वेगळं आणि स्काउटच्या, म्हणजे संघासाठी खेळाडू हेरणाऱ्याच्या, वहीत नाव असणं वेगळं.

पात्रता

मुख्य अट एकच: हायस्कूल सुटून किमान तीन वर्षं झालेली हवीत. ओहायो स्टेट विद्यापीठाचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) मॉरिस क्लॅरेट या अटीविरुद्ध कोर्टात गेला, आधी जिंकला आणि 2004 मध्ये अपिलात हरला. अट आजही कायम आहे.

तीन वर्षं झालीत, पण कॉलेजचा मोसम शिल्लक आहे, अशांनीच अर्ज करायचा असतो. तो लेखी आणि थेट लीगकडे द्यायचा. मुदत साधारण जानेवारीच्या मध्यापर्यंत असते, आणि त्यात कॉलेजची उरलेली पात्रता सोडावी लागते. त्याआधी कॉलेजमार्फत लीगच्या सल्लागार समितीचं मत मागवता येतं. उत्तर तीनपैकी एक येतं: पहिल्या फेरीची शक्यता, दुसऱ्या फेरीची शक्यता, किंवा कॉलेजातच थांबा. लहान कॉलेजच्या मुलाने या वाटेला सहसा जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला आणखी एका मोसमाची फिल्म, म्हणजे सामन्यांचं चित्रीकरण, मिळत असेल तर ती हातची का घालवावी?

कागदपत्रं म्हणजे काय?

पहिलं कागदपत्र म्हणजे फिल्म. निवडक झेलांना गाणं लावून केलेली क्लिप नव्हे. पूर्ण सामने, मैदानाच्या बाजूने आणि टोकाकडून घेतलेले, ज्यात सगळे 22 खेळाडू दिसतात. आपल्यापेक्षा वरच्या विभागातल्या (कॉलेज खेळांचे तीन विभाग असतात, पहिला सगळ्यात वरचा) संघाशी सामना झाला असेल तर तो सगळ्यात वर ठेवा. तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्तीच नसते, त्यामुळे समोरचा बचावपटू उद्याचा हिशेबनीस असू शकतो, हे स्काउट पक्कं ओळखून असतो.

दुसरं म्हणजे मोजमाप. स्काउट उंची चार आकड्यांत लिहितात. 6024 म्हणजे सहा फूट, दोन इंच आणि चार अष्टमांश. कॉलेजच्या वेबसाइटवर ‘सहा-चार’ असलेला मुलगा टेपखाली सहा-दोन भरला, तर बाकीच्या माहितीवरचाही विश्वास उडतो. तेव्हा उंची, वजन, हाताची लांबी आणि पंजा खरा मोजून घ्या. दुखापती आणि शस्त्रक्रियांचे कागदही जवळ ठेवा, विचारणा होतेच.

एजंट नेमायचा तर तो खेळाडू संघटनेकडून प्रमाणित आहे ना, हे आधी तपासा. कराराच्या रकमेवर त्याला जास्तीत जास्त 3 टक्के घेता येतात. आणि लीगच्या अधिकृत कंबाइनला (ड्राफ्टआधीच्या एकत्रित चाचणीला) प्रवेश फी नसते. पैसे भरून नोंदणी करा म्हणणारं कंबाइन खासगी असतं, एवढं लक्षात असू द्या.

चाचणी

इंडियानापोलिसच्या कंबाइनला फक्त निमंत्रितांना प्रवेश असतो, सुमारे सव्वातीनशे जणांना. बाकीच्यांसाठी मार्चमधला प्रो डे, म्हणजे विद्यापीठातच स्काउटसमोर होणारी चाचणी. लहान कॉलेजात स्काउट येत नसतील तर प्रशिक्षकाने जवळच्या मोठ्या विद्यापीठाला विचारून त्यांच्या प्रो डेमध्ये जागा मिळवायची. हा फोन लवकर व्हायला हवा. तिथे 40 यार्डांची धाव, 225 पौंडांचं बेंच प्रेस, उड्या आणि दिशा बदलण्याच्या चाचण्या होतात. ज्या शहरात संघ आहे तिथल्या मुलांना तो संघ स्थानिक चाचणीलाही बोलावू शकतो.

आकड्यांनी काय होतं, ते अली मार्पेटकडे पाहा. हा न्यूयॉर्क राज्यातल्या होबार्टचा, म्हणजे तिसऱ्या विभागातला लाइनमन (पुढच्या फळीत भिडणारा खेळाडू). 2015 च्या कंबाइनमध्ये तो 40 यार्ड 4.98 सेकंदांत धावला, त्या वर्षीच्या आक्रमक लाइनमनमध्ये सगळ्यात वेगात. टॅम्पा बेने त्याला दुसऱ्या फेरीत 61 वा निवडला. क्विन माइनर्झची गोष्ट आणखी मजेशीर आहे. 2020 मध्ये कोविडमुळे त्याच्या विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटर या तिसऱ्याच विभागातल्या कॉलेजचा मोसमच झाला नाही, म्हणजे शेवटच्या वर्षाची फिल्म शून्य. मोबाइल शहरातल्या सीनियर बोलच्या (शेवटच्या वर्षाच्या निवडक खेळाडूंच्या सामन्याच्या) सरावात तो जर्सी गुंडाळून, पोट उघडं टाकून मोठ्या विद्यापीठांच्या पोरांना भिडला. डेन्व्हरने त्याला तिसऱ्या फेरीत घेतलं.

ड्राफ्टचे दिवस

ड्राफ्ट एप्रिलच्या अखेरीस, तीन दिवस, सात फेऱ्यांचा. गुरुवारी पहिली फेरी, शुक्रवारी दुसरी-तिसरी. लहान कॉलेजच्या बहुतेकांचा दिवस शनिवार, आणि खरी धांदल सातवी फेरी संपल्यावर: तेव्हा संघ न निवडलेल्यांना थेट फोन करतात. दोन फोन आले तर बोनसची रक्कम पाहून भुलू नका. त्या संघात तुमच्या जागेवर आधीच किती जण आहेत ते मोजा. निवडलेल्याचा करार चार वर्षांचा असतो, न निवडलेल्याचा तीन.

फोनच आला नाही तर उरतो नवोदितांच्या शिबिरातला ट्रायआउट. तिथे करार नसतो. दोन-तीन दिवस खेळून दाखवायचं आणि घरी परतायचं. वेस्ट अलाबामाचा माल्कम बटलर 2014 मध्ये न्यू इंग्लंडकडे असाच गेला होता. संघाने त्याला ठेवून घेतलं, आणि पुढच्याच फेब्रुवारीत सुपर बोलच्या, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याच्या, शेवटच्या मिनिटात गोल रेषेवरचा पास त्यानेच अडवून पकडला.