वेलिंगबरोच्या दोन कौन्सिल: मेयर एकीकडे, तिजोरी दुसरीकडे

मे २०२५ मध्ये मूळचे मिर्झापूरचे राज मिश्रा इंग्लंडमधल्या वेलिंगबरोचे मेयर झाले आणि भारतात त्याच्या बातम्या झळकल्या. बातमी वाचून अख्ख्या शहराचा कारभार त्यांच्या हाती आला असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते वेलिंगबरो टाउन कौन्सिलचे मेयर झाले. रस्ते, शाळा, कचरा, बांधकामाच्या परवानग्या हे सगळं नॉर्थ नॉर्थँप्टनशर कौन्सिलकडे असतं. ती संस्था वेगळी आणि तिचे नगरसेवकही वेगळे. घोटाळा व्हायला जागा आहे, कारण दोन्हींसाठी मतदान १ मे २०२५ रोजी, एकाच गुरुवारी झालं.

या दोन संस्था एकाच गावात कशा आल्या, ती कथा दिवाळखोरीची आहे. २०२१ पर्यंत इथे शहराची वेलिंगबरो बरो कौन्सिल होती आणि तिच्यावर अख्ख्या काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, नॉर्थँप्टनशर काउंटी कौन्सिल. फेब्रुवारी २०१८ मध्ये काउंटीने 'सेक्शन ११४'ची नोटीस काढली. म्हणजे खर्चाचा आणि उत्पन्नाचा मेळ बसत नाही, आता नवा खर्च बंद. त्याआधी जवळपास वीस वर्षांत कुठल्याही कौन्सिलवर ही पाळी आली नव्हती. सरकारने नेमलेले निरीक्षक मॅक्स कॉलर यांनी मार्चमध्ये अहवाल दिला: डागडुजी करून भागणार नाही, ही काउंटी कौन्सिल बरखास्तच करा. मग १ एप्रिल २०२१ पासून एक काउंटी आणि तिच्याखालच्या सात अशा आठ कौन्सिल मोडल्या गेल्या आणि त्यांच्या जागी उत्तर (हीच नॉर्थ नॉर्थँप्टनशर) व पश्चिम अशा दोन मोठ्या कौन्सिल आल्या.

बरो कौन्सिल गेली तेव्हा मेयरपदाचं काय करायचं हा प्रश्न उरला. गावाचा मान म्हणून लोकांना ते हवं होतं. वेलिंगबरोत त्यासाठी नवी टाउन कौन्सिल निघाली. शेजारच्या केटरिंग आणि कॉर्बीतही तशाच निघाल्या.

कायद्याने टाउन कौन्सिल म्हणजे पॅरिश कौन्सिलच, आपल्या ग्रामपंचायतीसारखी सगळ्यात खालची पायरी. १८९४ च्या कायद्याने खेडोपाडी ज्या पॅरिश कौन्सिल सुरू झाल्या, त्याच घराण्यातली. १९७२ च्या कायद्यानुसार कोणतीही पॅरिश कौन्सिल ठराव करून स्वतःला 'टाउन' म्हणवून घेऊ शकते आणि मग तिचा अध्यक्ष 'टाउन मेयर' होतो. त्याला जनता थेट निवडत नाही. मेमधल्या वार्षिक सभेत नगरसेवक आपल्यातूनच त्याला वर्षभरासाठी निवडतात. सभा चालवणं, समसमान मतं पडली तर निर्णायक मत देणं आणि गावाच्या समारंभांना हजेरी लावणं, एवढं त्याचं काम.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. आपल्याकडेही महापौरांकडे मान असतो आणि कारभार आयुक्तांकडे. पण एवढ्यावरून इंग्लंडमध्येही खरी सत्ता एखाद्या सनदी अधिकाऱ्याकडे असेल असा अंदाज बांधलात, तर तो चुकेल. मोठ्या कौन्सिलचा मुख्याधिकारी हा कौन्सिलचाच नोकर. धोरण आणि पैसा बहुमतवाल्या पक्षाच्या नेत्याच्या हाती असतो आणि त्या पदाचं नाव साधं 'लीडर' असं आहे. २०२५ मध्ये नॉर्थ नॉर्थँप्टनशरच्या ६८ पैकी ३९ जागा रिफॉर्म यूकेने जिंकल्या, म्हणजे लीडर त्यांचा. आपल्याकडे बातमी मात्र मेयरची झाली.

रोजच्या व्यवहारात फरक कळतो तो तक्रार घेऊन गेल्यावर. रस्त्यातला खड्डा, मुलाचा शाळाप्रवेश, वृद्ध आईसाठी घरी मदतनीस, यासाठी मोठी कौन्सिल. बाकडी, नाताळची रोषणाई, गावातले कार्यक्रम ही टाउन कौन्सिलच्या अखत्यारीतली कामं. बांधकामाच्या परवानगीत गंमत आहे. अर्ज आला की टाउन कौन्सिलचं मत विचारलं जातं, ती कडाडून विरोधही नोंदवू शकते. निर्णय मात्र मोठी कौन्सिल देते आणि विरोध बाजूला ठेवून परवानगी देणं तिला मुभा असते. आपण निवडून दिलेल्या माणसाने 'नाही' म्हटलं, तरी इमारत उभी राहिली कशी, या कोड्याचं उत्तर इथे असतं.

एका बाबतीत मात्र टाउन कौन्सिलचा अधिकार खराखुरा आहे: अलॉटमेंट, म्हणजे भाजीपाल्यासाठी भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. पुरा तुकडा साधारण २५० चौरस मीटरचा. १९०८ च्या कायद्याप्रमाणे गावातल्या सहा नोंदणीकृत मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केली, तर कौन्सिलला ती विचारात घ्यावीच लागते. मेथी-कोथिंबीर लावायची हौस असेल तर हे कलम लक्षात ठेवा.

पैशाचा हिशेब कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे तिथल्या घरपट्टीच्या, बिलावर दिसतो. घराची १९९१ सालची किंमत धरून ठरलेला 'बँड', म्हणजे कराची श्रेणी, मग मोठ्या कौन्सिलची भलीमोठी रक्कम, त्याखाली पोलिसांची, अग्निशमनाची आणि टाउन कौन्सिलची छोटी ओळ. बिल पाठवते आणि पैसे गोळा करते मोठी कौन्सिल. टाउन कौन्सिलला तिचा वाटा पुढे मिळतो. पण २०२५-२६ साठी मोठ्या कौन्सिलला कर ५ टक्के किंवा त्याहून जास्त वाढवायचा असता, तर जनमत घ्यावं लागलं असतं. पॅरिश आणि टाउन कौन्सिलला ही मर्यादा लागू नाही. म्हणून ती छोटी ओळ कधी कधी दणदणीत टक्क्यांनी फुगते. माझ्या मते बिल आलं की आधी तीच वाचावी.

मतदानाची पद्धत दोन्हींसाठी सारखीच. सकाळी ७ ते रात्री १०, पेन्सिलीने फुली. एका प्रभागात जितक्या जागा, तितक्या फुल्या मारता येतात. दोन मतपत्रिकांवर हा आकडा वेगळा असू शकतो, तेव्हा वरची सूचना वाचूनच पेन्सिल टेकवा. २०२३ पासून फोटो असलेलं ओळखपत्र लागतं आणि भारतीय पासपोर्ट चालतो. कारण भारत राष्ट्रकुलात आहे: वैध व्हिसावर राहणाऱ्या, यादीत नाव घातलेल्या भारतीय नागरिकाला या दोन्ही कौन्सिलसाठीच नव्हे, तर पार्लमेंटसाठीही मत देता येतं. उलट पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले गोवेकर दोन्ही कौन्सिलसाठी मत देतात, पण पार्लमेंटसाठी देऊ शकत नाहीत. एका घरात एकाकडे भारतीय आणि दुसऱ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल, तर ही विसंगती चांगलीच बोचते.

आता सगळेच मेयर नामधारी समजू नका. कॉर्बीहून लंडनला जाणाऱ्या गाडीत वेलिंगबरोनंतरचं स्टेशन बेडफर्ड. तिथला मेयर २००२ पासून थेट जनता निवडते आणि कौन्सिलचा कारभार त्याच्याच हाती असतो. २०२३ मध्ये तिथे टॉम वूटन अवघ्या १४५ मतांनी निवडून आले. मेयरच्या बातमीत म्हणून दोन गोष्टी शोधा: कौन्सिल कोणती, आणि निवडलं कोणी.

टाउन कौन्सिलच्या निवडणुकीतली एक खोच तर बहुतेकांना ठाऊकच नसते. जागांइतकेच किंवा कमी अर्ज आले, तर मतदान होत नाही आणि सगळे बिनविरोध निवडून येतात. मध्येच एखादी जागा रिकामी झाली, तर ठरावीक मुदतीत दहा मतदारांनी लेखी मागणी करावी लागते, तेव्हाच पोटनिवडणूक होते. मोठ्या कौन्सिलसाठी दोघांची मागणी पुरते. दहा जण पुढे आले नाहीत, तर उरलेले नगरसेवक आपल्या पसंतीचा माणूस बसवतात आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत तो तुमचा प्रतिनिधी असतो.