मेलॅनोमा: रुग्णांचा आलेख चढला, मृत्यूंचा का नाही?

मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या आकडेवारीवरचा आजचा वाद दोन रेषांमधल्या अंतरातून उभा राहिला. अमेरिकेत १९७५ साली लाख लोकांमागे वर्षाला सुमारे ८ जणांना मेलॅनोमाचं निदान व्हायचं. पुढच्या चार दशकांत हा आकडा तिपटीच्या आसपास गेला. मृत्यूंची रेषा मात्र लाखामागे २ ते ३ यांच्या मध्येच रेंगाळत राहिली. मधल्या काळात एखादं जालीम औषध आलं म्हणावं, तर तसंही नाही. शरीरात पसरलेल्या मेलॅनोमासाठी १९७५ मध्ये मान्यता मिळालेलं डकार्बाझिन हेच २०११ पर्यंत मुख्य औषध होतं, आणि त्याने आयुष्य वाढतं हे कधीच सिद्ध झालं नाही.

उन्हाचा दोष खरा आहे. ऑस्ट्रेलियात गोऱ्या कातडीच्या वस्तीवर प्रखर ऊन पडलं आणि जगातलं सर्वाधिक प्रमाण तिथे नोंदलं गेलं. तिथे १९८१ पासून अंग झाकण्याच्या मोहिमा सुरू झाल्या आणि त्यांच्या छायेत वाढलेल्या पिढीत प्रमाण उतरलं. कातडी रापवणारी यंत्रं २००९ मध्ये निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत गेली. पण एकट्या उन्हावर खापर फोडून त्या दोन रेषांतलं अंतर समजत नाही.

अमेरिकेत पासष्टी ओलांडलेल्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा १९८६ ते २००१ या काळात त्वचेच्या बायॉप्सी अडीच पट झाल्या होत्या आणि मेलॅनोमाची निदानं २.४ पट. वाढ जवळजवळ सगळी अगदी सुरुवातीच्या अवस्थेतली. पसरलेल्या रोगाचे रुग्ण होते तितकेच राहिले. जे तीळ कधीच जिवावर उठले नसते, तेही कर्करोग म्हणून नोंदले जात होते, असा याचा सरळ अर्थ लागतो. याला अतिनिदान म्हणतात.

निदानाची रेघ किती पुसट आहे, ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. कातडीच्या वरच्या थरापासून सर्वांत खोल शिरलेल्या पेशीपर्यंतचं अंतर मोजायचं, ही पद्धत १९७० ची. आज ०.८ मिलिमीटरच्या अलीकडे-पलीकडे वर्गवारी बदलते. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या १८७ पॅथॉलॉजिस्टांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साधा तीळ ओळखण्यात ते क्वचितच चुकले. संशयास्पद तीळ आणि अगदी प्राथमिक मेलॅनोमा यांच्या मधल्या पट्ट्यात मात्र निम्म्याहून कमी निदानं तज्ज्ञांच्या निर्णयाशी जुळली.

म्हणूनच ‘पाच वर्षं जगण्याचं प्रमाण’ हा आकडा जपून वाचायला हवा. अमेरिकेत ते आज ९४ टक्क्यांच्या घरात आहे. निरुपद्रवी तिळांची भर पडली की ते वाढतं. रोगाचं निदान दोन वर्षं आधी झालं आणि मृत्यू ठरल्या दिवशीच आला, तरीही वाढतं.

जर्मनीचा सरसकट त्वचा-तपासणीचा निर्णय याच पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. जुलै २००३ ते जून २००४ या वर्षात श्लेस्विग-होल्श्टाइन प्रांतात तीन लाख साठ हजारांवर लोकांची डोक्यापासून पायापर्यंत त्वचा तपासली गेली. पात्र लोकांपैकी हे साधारण १९ टक्के, आणि त्यांत बहुतांश स्त्रिया. तुलनेसाठी चिठ्ठ्या टाकून निवडलेला दुसरा गट नव्हता. तरीही जुलै २००८ पासून देशभर पस्तिशीपुढच्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनी तपासणीचा हक्क मिळाला, तोही मृत्यूंचा पूर्ण हिशोब हाती यायच्या आत. हिशोब आला तेव्हा आनंदीआनंद झाला. दहा वर्षांत त्या प्रांतातला मेलॅनोमाचा मृत्यूदर जवळपास निम्म्यावर आला होता.

पुढच्या काही वर्षांत तो परत मूळ जागी गेला. देशभरातल्या तपासणीनंतर राष्ट्रीय मृत्यूदरातही तशी घसरण दिसली नाही. मग कुणीतरी मृत्यूच्या दाखल्यांकडे वळलं. ज्या वर्षांत मेलॅनोमाचे मृत्यू घटले होते, त्याच वर्षांत ‘मूळ जागा अनिश्चित असलेला कर्करोग’ या रकान्यातले मृत्यू वाढलेले सापडले. घसरणीचा किमान काही भाग कारण नोंदवण्यातल्या फरकामुळे होता. प्रत्यक्ष माणसं वाचली असं त्या भागाबद्दल म्हणता येत नाही. तपासणीच्या बाजूने बोलणारे अजूनही सांगतात की पुरेसा काळ गेला नाही. मला तो निर्णय घाईचा वाटतो. एकदा दिलेला हक्क काढून घेणं अवघड असतं आणि तुलनेचा गट उभारण्याची संधीही त्यासोबत गेली. लक्षणं नसलेल्यांच्या सरसकट तपासणीसाठी पुरावा अपुरा आहे, हेच मत अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये पुन्हा नोंदवलं.

मृत्यूंची रेषा वाकली ती औषधांनंतर. मेलॅनोमाच्या सुमारे निम्म्या रुग्णांत आढळणारा बीआरएएफ जनुकातला बदल २००२ मध्ये सापडला होता. त्यावर नेम धरणारं पहिलं औषध २०११ मध्ये मान्य झालं, आणि प्रतिकारशक्तीचा लगाम सैल करणारं (म्हणजे इम्युनोथेरपीचं) पहिलं औषधही त्याच वर्षी. २०१४ मध्ये आणखी दोन आली. अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांत २०१३ ते २०१६ या काळात मृत्यूदर जवळपास १८ टक्क्यांनी उतरला. पसरलेला रोग असलेला रुग्ण पूर्वी वर्ष काढेल याची खात्री नसायची. दोन इम्युनोथेरपी औषधं एकत्र दिलेल्या चाचणीत दहा वर्षांनंतर ४३ टक्के रुग्ण जिवंत होते.

गडद वर्णाच्या लोकांत मेलॅनोमा विरळा आणि त्याचा उन्हाशी संबंध कमी. तो तळपायावर, तळहातावर, नखाखाली उगवतो. जखम, कुरूप किंवा नखाला लागलेला मार समजून महिनोन्‌महिने जातात. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांत पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास अडकलं आहे. तपासताना मोजे काढायला सांगितले नाहीत, तर ही गाठ दिसणारच नाही. आणि नव्या इम्युनोथेरपीचा गुणही या प्रकारात तुलनेने कमी येतो.