रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल, मग हाडं का मोडतात?

"कॅल्शियम नॉर्मल आलंय, म्हणजे माझी हाडं ठणठणीत." सांगली-मिरजेकडे पन्नाशी ओलांडलेल्या बायकांच्या तोंडून हे वाक्य सर्रास ऐकू येतं. हातात रक्ताचा रिपोर्ट असतो, आणि तो हाडांच्या मजबुतीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तातलं प्रमाण जरा घसरलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचा हार्मोन हाडांतून कॅल्शियम उपसून ते भरून काढतो, कारण कॅल्शियमविना हृदय आणि स्नायू नीट चालत नाहीत. हाड पोखरलं जात असतं, तरी रक्तातला आकडा जागेवरच. गुडघा कटकट वाजणं हीसुद्धा कॅल्शियम कमी झाल्याची खूण नाही.

हाडाची मोडतोड आणि बांधणी आयुष्यभर चालते. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुनं हाड खरवडतात, ऑस्टिओब्लास्ट नवं घालतात. प्रौढांमध्ये वर्षाला साधारण १० टक्के सांगाडा असा नवा होतो. तिशीनंतर बांधणी हळूहळू मागे पडते. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घटतं, खरवडणाऱ्यांवरचा लगाम सुटतो आणि पुढची पाच-सात वर्षं झीज फार वेगानं होते.

पण हाड कुठे घालायचं, हे ठरवतं कोण? मला या विषयाचं वेड लागलं ते इथे. हाडातल्या ९० टक्क्यांहून जास्त पेशी ऑस्टिओसाइट असतात. त्या हाडाच्या आत गाडलेल्या असतात आणि केसाहून बारीक नळ्यांमधून एकमेकींना धरून असतात. बैठक मारताना मांडीचं हाड अगदी सूक्ष्म वाकतं. कृष्णाकाठच्या ओल्या मळीवर पाय दिला की पाणी बाजूला सरकतं, तसा या नळ्यांमधला द्रव सरकतो. पेशींना तो जाणवतो आणि त्या स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन कमी बनवतात. स्क्लेरोस्टिन हा बांधणीवरचा ब्रेक. पेशींना हाड बांधायला सांगणाऱ्या Wnt या संदेशमार्गाला तो अडवतो. ब्रेक सैल पडला की ऑस्टिओब्लास्ट कामाला लागतात. याच प्रथिनाला रोखणारं रोमोसोझुमॅब हे औषध अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालं.

आणखी एक गंमत. १९८४ मध्ये रुबिन आणि लॅन्यन या संशोधकांनी पक्ष्यांच्या पंखातल्या हाडावर रोज ठरावीक वेळा भार दिला. ३६ वेळा भार दिल्यावर हाड वाढलं, पण १८०० वेळा देऊनही त्याहून जास्त वाढलं नाही. म्हणजे तासन्‌तास नको, थोडा पण दणकट भार हवा. तालमीतल्या जोर-बैठका, जिने चढणं, वजन उचलणं यांतून तो मिळतो. पोहणं हृदयाला उत्तम, हाडांना तेवढं नाही. ज्यांची हाडं आधीच ठिसूळ झाली आहेत त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

चुंबकाचे पट्टे आणि तांब्याची कडी यांनी यातलं काहीही होत नाही. त्यावर पैसे घालवू नका.

बांधणीला माल लागतोच. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, ज्वारीत त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. जावळी-पाटणच्या डोंगरातली नाचणीची भाकरी जत-आटपाडीच्या ताटातही यायला हवी, सोबत दूध, दही, तीळ. प्रौढांना रोज सुमारे १००० मिलिग्रॅम लागतं. ते आतड्यातून शोषलं जायला ड जीवनसत्त्व हवं, आणि काचेआडच्या उन्हातून ते तयार होत नाही.

हाडांची घनता कळते ती डेक्सा या एक्स-रेवर चालणाऱ्या तपासणीत. तिच्यातला टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करून आलेला आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. पन्नाशीनंतर चालता चालता पडून मनगट मोडलं असेल, तर प्लास्टर निघालं म्हणून विषय संपवू नका. ही तपासणी त्यानंतर लगेच करून घ्या.