बत्तीस अक्षरांची साक्ष

गंगेचे पाणी कधीच नासत नाही आणि आता विज्ञानानेही ते मान्य केले आहे, अशा आशयाचा संदेश दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर फिरून येतो. त्यात १८९६ सालचा एक दाखला दिलेला असतो आणि तो दाखला खोटा नाही. आग्र्याला काम करणाऱ्या अर्नेस्ट हॅन्किन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्या वर्षी लिहिले होते की, गंगा आणि यमुना या नद्यांच्या पाण्यात पटकीचे जिवाणू थोड्याच वेळात मरतात, मात्र तेच पाणी उकळून घेतले तर मरत नाहीत. यामागे जिवाणूंना लागण करणारे विषाणू, म्हणजे फेज, असावेत असे पुढे मानले गेले. फेजचा स्पष्ट शोध लागायला १९१५ आणि १९१७ ही वर्षे उजाडावी लागली. संदेश लिहिणारे एवढेच सांगायचे विसरतात की, जिथे जिवाणू दाटीने राहतात तिथे फेजही असतातच, त्यामुळे कोणत्याही शहराच्या सांडपाण्यात ते भरपूर सापडतात. फेजचे अस्तित्व हा पाण्याच्या पावित्र्याचा पुरावा नाही. झालाच तर पाण्यात जिवाणू आहेत याचा आहे.

खरा कुतूहलाचा प्रश्न वेगळाच आहे. फेज अतिशय चोखंदळ असतो. एखादा फेज एकाच प्रजातीला, कित्येकदा त्या प्रजातीतल्या मोजक्या वाणांनाच लागण करतो. मग कोणता फेज कोणत्या जिवाणूचा, हे ओळखायचे कसे? जुनी रीत अशी की बशीत जिवाणूंचा थर वाढवायचा, त्यावर फेज सोडायचा आणि थरात मोकळी वर्तुळे पडतात का ते पाहायचे. परंतु आपल्या आतड्यातले किंवा मातीतले बहुसंख्य जिवाणू बशीत सहजासहजी वाढतच नाहीत. त्यांचा डीएनए मात्र वाचता येतो, आणि त्या डीएनएमध्ये अनेकदा गतकाळच्या शत्रूंची नोंद असते.

ही नोंद प्रथम वाचणाऱ्यांपैकी एक म्हणजे स्पेनमधील आलिकांते विद्यापीठाचे फ्रान्सिस्को मोहिका. खारट पाणथळीतल्या सूक्ष्मजीवांचा डीएनए तपासताना त्यांना एक चमत्कारिक रांग दिसली होती : सुमारे तीस अक्षरांचा एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो आणि दर दोन आवर्तनांमध्ये तेवढ्याच लांबीचा, पण दर वेळी निराळा तुकडा असतो. या रचनेला पुढे क्रिस्पर आणि मधल्या तुकड्याला स्पेसर हे नाव मिळाले. हे मधले तुकडे कुठून येतात हे अनेक वर्षे कोणालाच कळत नव्हते. २००३ च्या उन्हाळ्यात मोहिका एकेक स्पेसर हाताने उचलून संगणकावरील डीएनएच्या सार्वजनिक संग्रहात शोधत बसले. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या एका वाणातला एक स्पेसर पी-१ नावाच्या फेजच्या डीएनएशी जुळला. आणि त्या वाणाला पी-१ ची लागण होत नाही, हे आधीपासून ठाऊक होते! त्यांनी सुमारे ४५०० स्पेसर तपासले. त्यांतले जेमतेम ८८ कशाशी तरी जुळले, पण जुळलेल्यांपैकी दोन-तृतीयांश विषाणूंचे किंवा तशाच उपऱ्या डीएनएचे होते. हल्ल्यातून वाचलेला जिवाणू हल्लेखोराच्या डीएनएचा एक तुकडा कापून आपल्या रांगेत, बहुधा एका ठरावीक टोकाला, जोडून ठेवतो आणि पुढच्या वेळी त्यावरून शत्रू ओळखून त्याचा डीएनए कापतो. दही आणि चीज यांच्या विरजणात वापरल्या जाणाऱ्या जिवाणूवर प्रयोग करून २००७ साली हे सिद्धही झाले.

आता या लेखातला माझा सर्वांत आवडता भाग. जुळले म्हणजे नेमके काय जुळले? स्पेसर ३२ अक्षरांचा धरू. डीएनएची अक्षरे चार, तेव्हा ३२ अक्षरांचे संभाव्य मजकूर ४ चा ३२ वा घात, म्हणजेच २ चा ६४ वा घात इतके. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा आणि पुढे प्रत्येक घरात दुप्पट ठेवत गेलेल्या त्या गोष्टीतल्या दाण्यांची बेरीज याहून बरोबर एकाने कमी भरते. १८ वर १८ शून्ये, शिवाय थोडे वर. समजा आपल्याकडे विषाणूंच्या डीएनएची १०० कोटी अक्षरे आहेत आणि ती डीएनएच्या दोन्ही धाग्यांवर वाचायची आहेत. शोधायला १० लाख स्पेसर आहेत. सगळी अक्षरे निव्वळ योगायोगाने मांडलेली असती, तर अख्ख्या शोधात एखादा तुकडा चुकून तंतोतंत जुळण्याची शक्यता सुमारे नऊ हजारांत एक आहे. असे जुळणे म्हणजे भक्कम साक्षच.

पण विषाणू स्वस्थ बसत नाहीत. त्यांच्यात उत्परिवर्तने होत राहतात, त्यामुळे जुना स्पेसर आजच्या विषाणूशी तंतोतंत जुळेलच असे नाही आणि थोडी सूट द्यावी लागते. एका अक्षराची चूक माफ केली, तर वरच्याच शोधात खोट्या जोडीची शक्यता सुमारे शंभरात एक होते. दोन चुका माफ केल्या, की ती दोनांत एकच्या आसपास येते. पाच चुका माफ केल्या, तर साडेपाच हजारांहून अधिक खोट्या जोड्या हाती लागतील! खऱ्या डीएनएमध्ये एकाच अक्षराची लांबलचक आवर्तने असतात, त्यामुळे प्रत्यक्षातला हिशेब याहून वाईटच निघतो. म्हणून ‘कृत्रिम बुद्धिमत्तेने लाखो विषाणूंचे यजमान शोधले’ असा मथळा दिसला (यजमान म्हणजे विषाणू ज्याला लागण करतो तो जिवाणू), की किती चुका माफ केल्या होत्या हे आधी विचारावे.

आणखी एक पडताळा आहे. विषाणूच्या डीएनएमध्ये त्या तुकड्याच्या लगत बहुतेकदा दोन-तीन अक्षरांची ठरावीक खूण असते. जिवाणूच्या स्वतःच्या रांगेत ती खूण नसते, म्हणूनच तो स्वतःचाच डीएनए कापत नाही. जुळलेल्या जागांशेजारी तीच खूण वारंवार दिसली, तर जोड्या खऱ्या आहेत असे मानायला बळ मिळते.

या साक्षीला मर्यादाही आहेत. निम्म्याहून अधिक जिवाणूंमध्ये क्रिस्पर नसतेच. अशा वेळी ‘बोली’ ऐकतात. चार अक्षरांचे २५६ शब्द होतात. त्यांतले कोणते किती वेळा येतात याची मोजणी केली, तर फेजची लकब बरेचदा त्याच्या यजमानासारखी निघते, जसे चार वाक्यांवरून माणूस मालवणचा की अकोल्याचा हे कळते. अर्थात हा अंदाज झाला, साक्ष नव्हे.

तिसरी रीत सहवासाची, आणि तिचे उत्तम उदाहरण म्हणजे क्रॅसफेज. २०१४ साली बास डुटिल्ह, रॉबर्ट एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी मानवी विष्ठेतील डीएनएचे तुकडे संगणकावर एकत्र सांधले, तेव्हा सुमारे ९७ हजार अक्षरांचा एक अनोळखी विषाणू उभा राहिला. तो जगभरच्या असंख्य नमुन्यांत होता, पण प्रयोगशाळेत कोणीही पाहिलेला नव्हता. तो ज्या नमुन्यांत जास्त, त्यांत कोणते जिवाणू जास्त, याचा ताळा मांडून त्यांनी यजमान बॅक्टेरॉइड्स या गटातला जिवाणू असावा असे सांगितले. चार वर्षांनी आयर्लंडमधील कॉर्क येथे या कुळातला पहिला फेज चंबूत वाढवण्यात यश आले, तेव्हा यजमान निघाला बॅक्टेरॉइड्स इंटेस्टिनॅलिस. परंतु चंबूत एक विचित्र गोष्ट दिसली. यजमानाच्या डीएनएत दडून राहण्यासाठी लागणारी ओळखीची जनुके या फेजपाशी नव्हती, तेव्हा त्याने जिवाणूंचा फडशा पाडायला हवा होता; प्रत्यक्षात फेजही वाढत राहिला आणि जिवाणूही.